वाचकांचे प्रश्न : गेमिंगच्या नव्या संगणकावर विंडोज की लिनक्स?

सुटे भाग विकत घेऊन घरच्या घरी संगणक जोडणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे अलीकडे वारंवार येऊ लागली आहेत. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, यावर ही मंडळी महिनोन्‌महिने अभ्यास करतात. मात्र त्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घालायची, हा प्रश्न सगळे भाग घरी येऊन पडल्यावर उभा राहतो आणि तोवर पैसे संपलेले असतात. म्हणून या वेळी याच विषयावरची चार पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून स्वतःच्या हाताने गेमिंगचा संगणक जोडणार आहे. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी ६५० मदरबोर्ड, रेडिऑन आरएक्स ७६०० ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी असा संच ठरला आहे. विंडोजचा परवाना घ्यायचा तर रॅम १६ जीबीवर थांबवावी लागते आणि लिनक्स घातले तर ३२ जीबीचा विचार करता येतो. वडिलांचे म्हणणे, फुकट आणि कायदेशीर मिळते आहे तर तेच घे. मित्र म्हणतात, लिनक्सवर गेम चालतच नाहीत. मी मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो आणि एकट्याने विचर ३ व एल्डन रिंग खेळण्याची इच्छा आहे. कोणाचे ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही आणि तुमच्या मित्रांचे म्हणणे निदान ७ ते ८ वर्षे जुने आहे. तरीही तुम्ही विंडोज ११ होम घ्यावे, असा माझा सल्ला आहे आणि त्याचे कारण तुमच्या यादीतला एकच खेळ आहे : व्हॅलोरंट.

आधी मित्रांच्या समजुतीबद्दल. विंडोजसाठी लिहिलेले खेळ डायरेक्टएक्स नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या संचामार्फत ग्राफिक्स कार्डाशी बोलतात आणि लिनक्सला ती भाषा कळत नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी वाईन नावाचा प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे. पण खेळांच्या बाबतीत खरा फरक पडला तो ऑगस्ट २०१८ मध्ये, जेव्हा स्टीम हे खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने वाईनवर आधारलेले प्रोटॉन स्टीममध्येच बसवून दिले. प्रोटॉनमधला एक भाग डायरेक्टएक्सच्या जुन्या आवृत्त्यांतील आज्ञा आणि दुसरा भाग डायरेक्टएक्स १२ मधील आज्ञा व्हल्कन या खुल्या भाषेत खेळ चालू असतानाच भाषांतरित करत जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये वाल्व्हने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आणले, त्यात लिनक्सच होते. साहजिकच खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनाही आपले खेळ प्रोटॉनवर नीट चालतात की नाही हे पाहणे भाग पडले. विचर ३ आणि एल्डन रिंग प्रोटॉनवर उत्तम चालतात. काउंटर-स्ट्राइक २ ची तर स्वतंत्र लिनक्स आवृत्तीच आहे. तुमचे कार्ड एएमडीचे असल्याने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्समध्ये आधीपासून असतो, वेगळा काही उतरवून घ्यावा लागत नाही. तेव्हा तुमच्या चार खेळांपैकी तीन खेळ एक पैही परवान्यावर न घालवता चालले असते.

चौथा मात्र चालत नाही आणि पुढे केव्हातरी चालेल या आशेवर यंत्र बांधू नये. व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाची अँटी-चीट यंत्रणा येते. ती संगणक सुरू होताच विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरून बसते आणि कोणी चोरवाटेने खेळत नाही ना यावर पहारा ठेवते. प्रोटॉन खेळाच्या आज्ञांचे भाषांतर करू शकते. कर्नलमध्ये बसणाऱ्या पहारेकऱ्याचे भाषांतर करता येत नाही, कारण त्याला खरा विंडोजचा कर्नलच समोर हवा असतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन यंत्रणांना २०२१ पासून प्रोटॉनवर चालण्याची सोय झाली आहे, एल्डन रिंग त्यामुळेच ऑनलाइनसुद्धा चालतो. पण ती सोय खेळाच्या कंपनीने स्वतःहून सुरू करावी लागते आणि अनेक कंपन्या ती करत नाहीत. फोर्टनाइट चालत नाही. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होता, तो ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने बंद केला. जीटीए ऑनलाइनचेही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तसेच झाले. मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते, कारण यात लिनक्सची तांत्रिक कुवत कमी पडलेली नाही. पण वाईट वाटल्याने सामना सुरू होत नाही आणि तुमचे मित्र रात्री ज्या खेळासाठी थांबलेले असतात तो तुमच्या यंत्रावर उघडलाच नाही, तर ३२ जीबी रॅमचा तुम्हाला काही उपयोग नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, कोणीही गेमिंगचा संगणक जोडायला घेतला की भागांच्या यादीच्याही आधी एका कागदावर खेळांची यादी करावी आणि प्रत्येक खेळासमोर दोनच गोष्टी लिहाव्यात : तो एकट्याने खेळायचा की ऑनलाइन आणि ऑनलाइन असल्यास त्याची अँटी-चीट कोणती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’सारखा खेळ एकट्याने खेळायचा असतो, तिथे पहारेकऱ्याचा प्रश्नच येत नाही. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळाचे नाव टाकले की तो लिनक्सवर कोणत्या कार्डावर कसा चालला, याचे खेळणाऱ्यांनी लिहिलेले अनुभव वाचायला मिळतात. ही यादी करायला अर्धा तास पुरतो.

आता रॅमबद्दल. तुमच्या यादीतील चारही खेळ १६ जीबीवर चालतात. रॅम पुढे बदलता येते, तेव्हा तिथे थांबायला हरकत नाही.

विंडोजच्या परवान्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पत्र लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची इथेच फसगत होते. तुम्हाला होम आवृत्ती पुरते. प्रो आवृत्तीत डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरचे पूर्ण नियंत्रण, दुसऱ्या यंत्रावरून आपल्या संगणकात शिरण्याची सोय, कार्यालयात लागणारी धोरणे वगैरे गोष्टी जास्त असतात. खेळ एकाही फ्रेमने अधिक वेगाने चालत नाहीत. परवाना दोन प्रकारचा मिळतो. ओईएम परवाना ज्या मदरबोर्डवर पहिल्यांदा बसला त्याच्याशी बांधला जातो, तो बोर्ड जळाला की परवानाही गेला असे समजावे. रिटेल परवाना थोडा महाग असतो, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्या यंत्रावर नेता येतो. स्वतः संगणक जोडणारा माणूस चार-पाच वर्षांनी बोर्ड बदलतोच, त्यामुळे रिटेलचे जास्तीचे पैसे वसूल होतात. घेताना बिलावर कोणता परवाना ते लिहून घ्यावे.

तिसरा प्रकार म्हणजे पाचशे-सातशे रुपयांत मिळणारी ‘लाइफटाइम की’. माझ्या बहिणीच्या घरी अशी एक की आली होती. दुकानदाराने ती एका चिठ्ठीवर पेनाने लिहून दिली होती, पंचवीस अक्षरे, पाच-पाचच्या पाच गटांत, आणि खाली ‘कायमस्वरूपी’ असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ती चाललीही, आठ महिने. मग एके दिवशी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करण्याची सूचना उमटली, कारण ती की एखाद्या कंपनीला तिच्या सगळ्या संगणकांसाठी मिळालेल्या सामूहिक परवान्यातली होती आणि ती बाहेर विकली गेल्याचे लक्षात येताच मायक्रोसॉफ्टने रद्द केली. दुकानदाराने फोन उचलला नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे विंडोज सक्रिय झाल्याचा आव आणणारे छोटे प्रोग्रॅम. ते चालवण्याआधी ‘अँटीव्हायरस बंद करा’ असे सांगतात आणि तो बंद केल्यावर आत काय काय शिरले हे आपल्याला कळत नाही. ज्या संगणकावरून घरातले कोणी बँकेचे व्यवहार करणार आहे, त्यावर तर हे मुळीच करू नये. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ उतरवून घ्यावे, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर त्याची प्रत करावी आणि स्थापना करताना की विचारली की ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडावा. सक्रिय न केलेल्या विंडोजवर कोपऱ्यात पुसट अक्षरे दिसत राहतात आणि पडद्यामागचे चित्र बदलता येत नाही, पण सगळे भाग नीट चालतात की नाही हे त्यावर तपासता येते. तपासून झाले की परवाना विकत घ्यावा.

स्थापनेआधी दोन गोष्टी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पाहून घ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, एएमडीच्या बोर्डवर ते एफटीपीएम या नावाने असते आणि नव्या बोर्डांवर बहुधा चालूच असते. ओळखीची सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारे सिक्युअर बूटही चालू करून ठेवा, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट या दोन्हींशिवाय सुरू होत नाही. आणि जुन्या संगणकावर किंवा मित्राकडे बसून मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा. ही सूचना मी अनुभवातून देतो आहे. भाच्याचे यंत्र आम्ही दोघांनी जोडले, दिवे लागले, पंखे फिरले, विंडोजची स्थापना अर्ध्यावर आली आणि ‘नेटवर्कला जोडा’ या पानावर थांबली. खालचे ‘पुढे’ बटण करडेच राहिले. होम आवृत्तीला स्थापनेच्या वेळी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते; आमच्या बोर्डवरच्या २.५ गिगाबिट लॅनचा ड्रायव्हर विंडोजच्या प्रतीत नव्हता आणि वायफायचाही नव्हता. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि केबल तीन वेळा काढून घातली तरी पान हलेना. शेवटी भाच्यानेच आपला अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडला आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट केबलमधून संगणकाला देण्याची सोय, चालू केले. दोन-तीन सेकंदांत बटण निळे झाले. ड्रायव्हर हाताशी नसतील तर हा उपाय ध्यानात ठेवा.

सगळे झाल्यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर किती हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलत, चालतो आहे ते पाहा. १६५ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर ६० वरच चालवणारे लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकात विंडोज १० होती आणि तिची की माझ्याकडे आहे. नव्या गेमिंग संगणकावर तीच घालावी असा विचार आहे. विंडोज १० ची सवय आहे, ती हलकी वाटते आणि खर्चही वाचेल. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आहे आणि तो दिवसेंदिवस वाढत जाणारा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना पुढे आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची मुभा मायक्रोसॉफ्टने ठेवली, पण ती जुनी यंत्रे चालवणाऱ्यांना स्थलांतराला वेळ मिळावा म्हणून आहे. पुढची पाच-सहा वर्षे वापरायच्या नव्या कोऱ्या यंत्राची सुरुवात तिथून करणे मला पटत नाही. खेळांचेही तसेच होते : विंडोज ७ आणि ८ वरून स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून आपला आधार काढून घेतला, तेव्हा त्या यंत्रांवर विकत घेतलेले खेळ अडचणीत आले. विंडोज १० वरही केव्हातरी ती पाळी येईल.

तुमची की कामाला येईल का, हे ती कोणती आहे यावर ठरते. जुना संगणक तयार विकत घेतलेला असेल तर ती बहुतेक ओईएम असणार आणि ती त्या जुन्या बोर्डसोबतच राहते. ती रिटेल असेल, म्हणजे वेगळ्या बिलाने विकत घेतलेली असेल, तर जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर वापरण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि विंडोज १० च्या रिटेल कीने विंडोज ११ ची तीच आवृत्ती सक्रिय होते, म्हणजे होमवरून होम आणि प्रोवरून प्रो. जुने बिल शोधण्यासाठी कपाट उपसावे लागले तरी उपसा. विंडोज ७ किंवा ८ ची की असेल तर तिच्या आधारे नवी विंडोज घेण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आहे.

हलकेपणाबद्दल एक सांगतो. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा नव्या यंत्रावर आपोआप चालू असते आणि तिच्यामुळे काही खेळांत वेग थोडा कमी होतो, हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले आहे. खेळताना ती बंद करून नंतर चालू करता येते. मी स्वतः ती चालूच ठेवतो, कारण माझ्या यंत्रावर खेळाइतकेच कामही होते.

प्रश्न : मी शिक्षिका असून गेली सहा वर्षे लिनक्स मिंट वापरते. मुलीसाठी आणि माझ्यासाठी मिळून एक नवा संगणक जोडून घेत आहोत, त्यात एनव्हीडियाचे आरटीएक्स कार्ड आहे. आम्ही ऑनलाइन सामन्यांचे खेळ खेळत नाही. कोडी, गोष्टीचे खेळ, शेती-घरबांधणीचे खेळ हीच आवड. मिंटच ठेवू का? खास गेमिंगसाठीचे लिनक्स निघाले आहे असे मुलगी म्हणते. मराठी टंकलेखनही लागते.
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : तुमच्या यादीत पहारेकरी कुठेच नाही, त्यामुळे तुम्ही विंडोजचा विचार न करता पुढे जावे. सांगलीच्या वाचकाला मी जे नाकारले ते तुम्हाला आनंदाने सुचवतो.

मिंट ठेवायला हरकत नाही, एक अट पाहून. मिंट २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहणार आहेत. अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या आवृत्त्यांचा गुण तोच त्यांचा दोषही असतो : आतला कर्नल आणि ग्राफिक्सचे भाग सावकाश बदलतात. तुमचे कार्ड बाजारात येऊन वर्ष-दोन वर्षे झाली असतील तर काहीच अडणार नाही. अगदी नव्या पिढीचे असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये त्याला लागणारा ड्रायव्हर आला आहे ना, हे आधी तपासा. नसेल तर फेडोरा या आणखी एका लिनक्सकडे वळावे, त्याची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते.

तुमची मुलगी म्हणते ते बहुधा बझाइट असावे. ते फेडोरावरच बांधलेले आहे, एनव्हीडियाच्या कार्डासाठी त्याची वेगळी प्रत मिळते आणि स्टीम व ड्रायव्हर सुरुवातीपासून आत असतात. त्याची रचना मात्र मिंटहून निराळी आहे. मूळ प्रणालीचा भाग कुलूपबंद असतो, अद्ययावत करताना तो अख्खाच्या अख्खा बदलला जातो आणि काही बिनसले तर सुरू होतानाच्या यादीतून मागची प्रत निवडता येते. खेळासाठीच ठेवलेल्या यंत्राला ही रचना फार सोयीची आहे. पण मिंटमध्ये एखादे पॅकेज उचलून बसवण्याची सहा वर्षांची सवय तिथे पावलोपावली अडखळते. घरात हा एकच संगणक असून त्यावर तुमचे शाळेचे कामही होणार असेल तर माझा कौल मिंटलाच. स्टीमओएसचे नावही तुमच्या कानावर येईल. ते वाल्व्हने मुख्यतः स्टीम डेकसारख्या यंत्रांसाठी बनवले आहे आणि एनव्हीडियाचे कार्ड असताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

एनव्हीडियाचा ड्रायव्हर बसवताना एक जागा अशी येते, जिथे अनुभवी माणसेही चुकतात. सिक्युअर बूट चालू असेल तर हा ड्रायव्हर बसवताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. संगणक पुन्हा सुरू झाला की निळ्या पार्श्वभूमीवर एक साधा पडदा येतो आणि दहापासून उलटी मोजणी सुरू होते. त्या दहा सेकंदांत एखादे बटण दाबले, ‘एन्‌रोल एमओके’ हा पर्याय निवडला आणि तो पासवर्ड टाकला, तर ड्रायव्हरची सही यंत्राला ओळखीची होते. चहा आणायला उठलात तर मोजणी संपते, संगणक गुपचूप पुढे सुरू होतो आणि ड्रायव्हर मात्र जागा होत नाही. मग पडदा ओबडधोबड दिसतो, खेळ अडखळत चालतात आणि दोष कार्डाला दिला जातो. पहिल्यांदा सुरू करताना यंत्रासमोर बसून राहा.

डायरेक्टएक्स १२ वरच्या काही मोठ्या खेळांत एनव्हीडियाच्या कार्डावर विंडोजच्या तुलनेत फ्रेम कमी मिळतात, हे मान्य करायला हवे. तुम्ही सांगितलेल्या प्रकारच्या खेळांत हा फरक जाणवण्याची शक्यता फारच कमी आहे. स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ या भागात सर्व खेळांसाठी प्रोटॉन चालू आहे ना ते पाहा. खेळ पहिल्यांदा उघडताना ‘व्हल्कन शेडर्स’ तयार होत असल्याची पट्टी काही मिनिटे रेंगाळते. खेळ अडकला असे समजून तो बंद करू नका. एपिक किंवा जीओजी या दुकानांतून घेतलेले खेळ हिरोइक या लाँचरमधून चालतात. मायक्रोसॉफ्टचे पीसी गेम पास मात्र लिनक्सवर बसत नाही.

मराठी टंकलेखनाची तुम्हाला सवय आहेच. आयबसमधला इनस्क्रिप्ट किंवा ध्वन्यात्मक कळफलक नव्या यंत्रावरही पूर्वीसारखाच चालेल.

प्रश्न : मला दोन्ही हवे आहे. महाविद्यालयाच्या कामासाठी लिनक्स आणि मित्रांसोबत एफसी २५ खेळण्यासाठी विंडोज. एकाच एसएसडीचे दोन भाग करून दोन्ही घालावे का? मित्राने असे केले होते, तर विंडोजच्या अपडेटनंतर त्याचे लिनक्स दिसेनासे झाले आणि घड्याळ सतत चुकत राहिले.
— एक वाचक, वसई

उत्तर : दोन्ही घाला, पण शक्य असेल तर दोन वेगळ्या एसएसडींवर. तुमच्या बोर्डवर एम.२ च्या दोन जागा असतील तर विंडोजसाठी एक आणि लिनक्ससाठी एक अशा दोन घ्याव्यात; एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घेतल्याने खर्च किंचित वाढतो, मनस्ताप पुष्कळ वाचतो. एफसी २५ मधली अँटी-चीट लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे विंडोज ठेवण्याचा तुमचा निर्णय योग्यच आहे.

पहिली एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज घाला. मग संगणक बंद करून, वीज काढून, ती एसएसडी बाहेर काढा आणि दुसरी एकटीच बसवून तिच्यावर लिनक्स घाला. शेवटी दोन्ही बसवा. हा खटाटोप अशासाठी की, दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या असताना लिनक्सची स्थापना केली तर पुष्कळदा संगणक सुरू करणारा भाग विंडोजच्याच एसएसडीवर जाऊन बसतो. पुढे विंडोज अद्ययावत होताना त्या भागाला धक्का लागला की लिनक्स सुरू होत नाही. तुमच्या मित्राचे असेच काहीसे झाले असावे. त्याचे लिनक्स पुसले गेले नव्हते, फक्त त्याच्याकडे जाणारा रस्ता मोडला होता. वेगवेगळ्या एसएसडींवर आपापले रस्ते असले की सुरू करताना बायोसच्या बूट यादीतून हवी ती निवडायची.

घड्याळाचे कोडे सोपे आहे. मदरबोर्डवर बटणासारख्या सेलवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्या घड्याळातली वेळ स्थानिक, म्हणजे भारतीय, समजते आणि लिनक्स तीच वेळ ग्रिनिचची समजते. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे गेलात की घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत संकेतस्थळे सुरक्षेच्या प्रमाणपत्राबद्दल तक्रार करतात. लिनक्सला ‘बोर्डवरची वेळ स्थानिक समज’ असे सांगणारी एक ओळीची आज्ञा आहे, ती एकदा दिली की हा प्रश्न मिटतो.

खेळ मात्र दोघांत वाटून घेऊ नका. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरचे स्टीमचे खेळ लिनक्समधून उघडण्याचा मोह होतो, जागा वाचेल असे वाटते. पण प्रोटॉनला लागणाऱ्या फायली त्या पद्धतीत नीट बसत नाहीत आणि खेळ सुरूच न होणे, अद्ययावत होताना अडकणे असे प्रकार होतात. लिनक्सवर जे खेळायचे ते लिनक्सच्या एसएसडीवर वेगळे उतरवा.

आणि विंडोज घालून झाली की लिनक्सकडे वळण्याआधी एक काम उरका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवी स्थापना केली की डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) बहुतेक यंत्रांवर न विचारता चालू होते. एरवी त्याची जाणीवही होत नाही. पण तुम्ही लिनक्ससाठी सिक्युअर बूटची मांडणी बदललीत किंवा बायोस अद्ययावत केलात, तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होण्याऐवजी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. दुसऱ्या यंत्रावरून त्या खात्यात शिरून ती कागदावर उतरवून घ्या, आकडे दोनदा ताडून पाहा आणि तो कागद संगणकाच्या बिलांसोबत ठेवा.